सरळ कडेची गोळी

ताईच्या पलंगावरची चादर ओढताना धाकटीच्या टाचेला काहीतरी टोचलं. शर्टाचं बटण असेल म्हणून तिने पाय उचलून बघितला, तर टाचेला अर्धी गोळी चिकटली होती. पांढरी, चपटी, नखाएवढी. तिने ती तळहातावर घेतली, उलटसुलट करून बघितली आणि घाबरली. तसं बघितलं तर अर्ध्या गोळीत घाबरण्यासारखं काय आहे? लोक गोळ्या अर्ध्या करतातच. सुरीने करतात, दातांनी करतात, आणि मग त्या तुकड्याची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते, बाजूला पीठ सांडतं. या गोळीची कड सरळ होती. इतकी सरळ, की ती कापलेली वाटतच नव्हती, कारखान्यातूनच अर्धी आली असेल असं वाटत होतं. अशी कड या घरात एकच माणूस काढायचा आणि तो या क्षणी पलीकडच्या खोलीत नाकातल्या नाकात गाणं गुणगुणत दाढी करत होता. "मास्तर, पाणी गरम आहे का गं?" बाबांनी तिकडून विचारलं. ते धाकटीला मास्तरच म्हणायचे, कारण ती सहा वर्षांची होती तेव्हापासून घरातल्या सगळ्यांना शिकवत आली होती. "आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका नेहमीसारखा निघाला की तिला स्वतःचीच भीती वाटली.

बाबा काच कापायचे. खिडक्यांच्या, आरशांच्या, तसबिरींच्या काचा. दुकानात मोठं टेबल होतं, त्यावर जाड कापड अंथरलेलं, आणि बाबांच्या हातात हिरकणी, म्हणजे टोकाला हिऱ्याचा कण बसवलेली काच कापायची लेखणी. ती काचेवरून एकदाच फिरवायची असते, दुसऱ्यांदा फिरवली की काच हट्टाला पेटते आणि भलतीकडेच फुटते. रेघ मारायची, खाली दोन्ही अंगठे लावायचे आणि जरा दाबायचं. टक. झालं. लहानपणी धाकटीला वाटायचं की बाबा हात लावतील ते सगळंच असं दोन भागांत सुटं होतं, आणि ते अगदीच चूक नव्हतं. सफरचंद आलं की अर्धं बाबांचं, अर्धं ताईचं. वर्तमानपत्राची अर्धी पानं बाबांची, अर्धी ताईची. मोठी काच उचलायची तर एक टोक बाबांकडे, दुसरं ताईकडे, आणि दोघं ती काच घेऊन एका तालात अशी चालायची की बघणाऱ्याला वाटावं मधे काहीच नाही, बापलेक हवाच उचलून नेतायत. हे सगळं धाकटीच्या जन्माआधीच ठरून गेलं होतं. तिलाही मिळायचं, भरपूर मिळायचं, पण वेगळं मिळायचं, अख्खं सफरचंद मिळायचं, आणि अख्खं सफरचंद खाताना किती एकटं वाटतं हे कोणाला सांगितलं तर लोक हसले असते. एकदा ती म्हणाली होती, "तीन भाग पण करता येतात की." बाबा हसून म्हणाले होते, "मास्तर, एका रेघेत दोनच होतात." त्यात त्यांचं काही वाईट मनात नव्हतं. ते काचेबद्दलच बोलत होते. पण ते वाक्य तिच्या आत जाऊन बसलं आणि आजतागायत तिथेच होतं, बारीक, काचेच्या कुसळासारखं, दिसत नाही आणि दाबलं की कळतं.

म्हणून बाबांचं लिव्हर गेलं आणि डॉक्टर म्हणाले की घरातल्याच कोणीतरी आपलं अर्धं द्यावं लागेल, तेव्हा कोण देणार हा प्रश्न पडलाच नाही. आईचा रक्तगट जुळला नाही. धाकटीचं वय बसलं नाही. ती त्या डॉक्टरबाईंशी भांडली होती, माझं वजन ताईपेक्षा जास्त आहे, मी कधी आजारी पडत नाही, तुम्ही माझं घ्या, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, तू आधी दहावी दे. ताईने दिलं. बाबा नको नको म्हणत असताना दिलं. आपलं उरलेलं लिव्हर पुन्हा वाढतं, दोघांकडचं वाढतं, शरीरात असं करणारा हा एकच अवयव, असं डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. ताई घरी आल्यावर धाकटीने तिच्या बरगड्यांखाली कान लावून ऐकलं होतं. "वाढताना आवाज येतो का गं?" "तूच सांग, तू ऐकतेयस." "गुरगुरतंय." "ते पोट आहे, गाढवे, भूक लागलीय मला." दोघी हसल्या, आणि ताई टाके धरून हसली, ओठ चावत. मग आई दुकान सांभाळायला लागली आणि घरची औषधं धाकटीकडे आली. बाबांची वेगळी, ताईची वेगळी. आई म्हणायची, "आमच्या घरात दोन पेशंट आणि एक मास्तर, मी आपली शिपाई." तिला लिव्हर देता आलं नव्हतं, पण हे तिचं होतं. बाबांच्या प्रेशरच्या गोळ्या तेवढ्या बाबांकडेच असायच्या, उशाशी, कारण त्या ते वर्षानुवर्षं स्वतःच घेत होते, आणि तिथे तिने कधी लक्ष घातलं नव्हतं. आता गोळी मुठीत घेऊन उभी असताना तिला सगळं एकदम कळलं. कसं कळलं असं कोणी विचारलं असतं तर ती एवढंच म्हणाली असती, की मी या घरात राहते. बाबा आपली प्रेशरची गोळी ताईला अर्धी देत होते.

त्याच सकाळी ताईचा स्कॅन होता. काळोख्या खोलीत ताई आडवी, पोटावर ते गार जेल, आणि पडद्यावर राखाडी ढग. डॉक्टरबाई एरवी बोलक्या, पण त्या दिवशी मान वाकडी करून बघतच राहिल्या. यंत्राचा पंखा घूं घूं करत होता. धाकटीला वाटलं, त्या काहीच बोलल्या नाहीत तर बरं होईल, आपण अशाच इथे तिघी बसून राहू. मग दिवा लागला. ताईच्या डोळ्यांचा पांढरा भाग या पांढऱ्या उजेडात जुन्या कागदासारखा दिसला, आणि घरी हे आपल्याला कसं दिसलं नाही, असं धाकटीला वाटलं. "दीड महिन्यात जेवढं वाढायला हवं होतं तेवढं वाढलेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "थांबलेलं नाहीये. पण रेंगाळतंय. रक्तात कावीळही दिसतेय." मग त्यांनी ताईचं प्रेशर बघितलं आणि म्हणाल्या, "हे मात्र छान आहे." धाकटीने मूठ आवळली. गोळी तिथेच होती, घामाने जरा चिकट झालेली. "आम्ही लिहून दिलंय त्याखेरीज दुसरं काही घेतेस का? कोणी दिलेला काढा, झोपेची गोळी, दुखण्याची गोळी, काहीही?" "नाही," ताई म्हणाली, भिंतीकडे बघत. "प्रेशरच्या गोळीने काही होतं का?" हे धाकटीने विचारलं, आणि ताईची मान तिच्याकडे अशी वळली की हाड वाजेल. "का गं? कोण घेतं?" "बाबा घेतात," धाकटी म्हणाली. खोटं नव्हतं. डॉक्टरबाईंनी हात पुसले. "बाबांची आम्हीच चालू ठेवलीय, त्यांच्या हिशेबाने. एरवी मी सांगू शकत नाही. उंदरांवर प्रयोग झालेत, लिव्हर कापून बघितलंय. एका जातीच्या गोळ्यांनी ते भराभर वाढलं, दुसऱ्या जातीच्या गोळ्यांनी रेंगाळलं. माणसाबद्दल छातीठोक कोणी बोलत नाही अजून. म्हणून तर मी सगळ्यांना विचारते, आणखी काय घेता." त्या थांबल्या. त्यांनी आधी ताईकडे बघितलं, मग धाकटीकडे, आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ. बोलायची जागा होती ती. तिथे एक वाक्य बसलं असतं, लहानसं. धाकटीने घसा साफ केला आणि तिला ताईचा गार हात आपल्या मनगटावर जाणवला, घट्ट, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा. आणि ती गप्प बसली. या आठवड्यात पुन्हा रक्त तपासू, नाहीतर दाखल करावं लागेल, असं म्हणून डॉक्टरबाई पुढच्या पेशंटकडे गेल्या.

बसमध्ये ताई खिडकीशी बसली, पोटावर पिशवी धरून, कोणाचा धक्का लागू नये म्हणून. "तुला कुठे सापडली?" "टाचेखाली." "मी सगळीकडे शोधली." पुढच्या सीटवर एक बाळ त्यांच्याकडे टक लावून बघत होतं, आणि ताई त्याला सवयीने डोळे मिचकावत होती, पिवळे डोळे. "बाबांनी गंमत म्हणून माझ्या दंडाला ते प्रेशरचं मशीन लावलं," ती हळूच म्हणाली, "आणि प्रेशर नको तेवढं वर. मी म्हटलं डॉक्टरांना सांगू नका, पुन्हा दाखल करतील. आधीच ते म्हणत होते माझ्यापायी पोरीची चाळण झाली. तेव्हा म्हणाले, मग माझी अर्धी घे. लिव्हर आता दोघांचं एकच आहे, मला चालते ती तुला चालणारच." धाकटीने बघितलं, तर ताई हसत होती. "आणि तुला पटलं?" "मला पटलं. तेव्हा पटलं. त्यांचं तोंड बघितलं असतंस तर तुलाही पटलं असतं. एकदा तरी त्यांनाही मला काहीतरी देता आलं." "ताई, तुझं वाढत नाहीये." "वाढेल. मी बंद करते आजपासून." "अशी एकदम बंद करून चालते का? आणि त्यांचं काय? ते अर्धीवर आहेत इतके दिवस. ताई, आपण सांगू या." ताईने मान तिच्या खांद्यावर टेकली. एरवी ती असं कधी करत नसे. "मास्तर," ती म्हणाली, आणि हा शब्द ताईच्या तोंडून पहिल्यांदाच आला, "त्यांच्या हातच्या गोळीने माझं अडलं असं त्यांना कळलं ना, तर ते जेवायचे थांबतील. तुला माहीत नाही. दवाखान्यात मला म्हणाले होते, मी पोरीला खाऊन बसलोय, अजून काय खाऊ. मी समोर बसून अर्धं खाल्लं तेव्हा कुठे घास गेला. तू हे कोणाला बोलू नकोस. गोळीचं आपल्या तिघांत राहू दे."

आपल्या तिघांत. बस थांब्याथांब्यावर हिसका देत होती आणि ते दोन शब्द धाकटीच्या छातीत डुचमळत होते. लाज वाटावी इतकी तिला ऊब वाटली. बहिणीचं लिव्हर वाढत नव्हतं, तिचे डोळे काविळीने पिवळे पडले होते, आणि हिच्या मनात काय, तर आपल्याला बोलावलं, आत घेतलं. घरी येऊन तिने ताईला झोपवलं, बाबांना थर्मामीटर लावला, ताप बघून झटकला, पाणी उकळत ठेवलं, आणि सगळं करताना ती स्वतःला समजावत होती की हे मी बाबांसाठी करतेय. बाबा मोडतील. बाबांना वाचवायचं आहे. मग आतून दुसराच कोणीतरी म्हणायचा, अगं, पण मरतेय कोण? ती खिडकीशी गेली. समोरच्या इमारतीत एक माणूस बाल्कनीतली खुर्ची पुसत होता, एकच खुर्ची, पुन्हा पुन्हा. तिला त्याचा भयंकर हेवा वाटला. ताईच्या बरगड्यांखाली त्या राखाडी ढगाचं या क्षणी काय चाललं असेल? उंदरांचं काय झालं असेल पुढे? ज्यांचं रेंगाळलं त्यांचं? गोळी त्या दोन जातींपैकी कुठल्या जातीची, हे पाकिटावर कुठेच लिहिलेलं नव्हतं, तिने बाबांच्या उशाखालचं पाकीट चोरून आणून मागून पुढून वाचलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरांत जगातले सगळे त्रास लिहिले होते, चक्कर, कोरडा घसा, पायाला सूज, फक्त हे एक नव्हतं. कदाचित ती चांगल्या जातीची असेल. कदाचित तिच्यामुळेच जेवढं वाढलं तेवढं वाढलं असेल. असंही असू शकतं. असं असावं. आणि हे "असावं" मनात आलं तसं तिला स्वतःचा वीट आला, कारण गणितात उत्तर येत नसलं की वर्गातली मुलं असंच करतात, पाहिजे ते उत्तर आधी लिहून ठेवतात.

दुपार उतरताना तिने बाबांचं प्रेशर घेतलं, एरवी ते स्वतःच मोजायचे. पट्टा फुगला, सुटला, आकडा आला. "किती, मास्तर? पास की नापास?" आकडा इतका वर होता की तिच्या कानशिलात ठणका उठला, स्वतःचंच प्रेशर बघितल्यासारखा. बाबा तिच्याकडे बघून हसत होते. ऑपरेशनपासून त्यांचा चेहरा लहान झाला होता, त्यावर मास्क लावला की नुसते डोळे आणि भुवया, भुवयांमध्ये अजून काचेची भुकटी अडकली असावी असा चमकणारा पांढरेपणा. ते ताईच्या खोलीकडे मान करून म्हणाले, "झोपली का गं ती? काय म्हणाल्या डॉक्टर? वाढलं का आमचं लिव्हर?" आमचं. आणि धाकटीच्या तोंडून ते बाहेर पडलं. ठरवून नाही, धाडस करून नाही, हातातला पेला निसटतो तसं. तिने खिशातली मूठ बाहेर काढून उघडली, टेबलावर ती चिकट, मळकट झालेली अर्धी गोळी ठेवली आणि सगळं सांगितलं. पिवळे डोळे, रेंगाळलेली वाढ, उंदीर, दोन जाती, कोणालाच काही माहीत नसणं. बोलताना ती त्यांच्याकडे बघत नव्हती. आता ते मोडतील, असं तिला वाटत होतं, आता अंगठ्यांखाली टक असा आवाज येईल. तिने सगळी वाक्यं तयार ठेवली होती, तुमची चूक नाही, तुम्ही प्रेमाने दिलीत, कदाचित ती चांगल्या जातीची असेल. एकही लागलं नाही. "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू होतीस तिथे?" बाबांनी विचारलं. "होते." "तुला माहीत होतं?" "हो." "मग गप्प का बसलीस?"

दिवसभर तिने त्यांच्या दुःखाची तयारी केली होती आणि ते दुःखात नव्हतेच. ते रागावले होते. तिच्यावर. आवाज चढलेला नव्हता, उलट खाली आला होता, दुकानात कोणी चुकीचं माप दिलं की यायचा तसा. "मी अडाणी. मला वाटलं एकच लिव्हर, एकच गोळी. ती माझी पोर, मला सांभाळायला निघाली. पण तू हुशार आहेस ना? तू सगळ्यांना शिकवतेस. सकाळपासून ही गोळी मुठीत घेऊन फिरतेयस तू?" तिला म्हणायचं होतं, तुमच्यासाठी. जिभेवर आलंही होतं. पण बाबांचे डोळे तिच्यावर असे खिळले होते की तिला आपल्या आतला तो उबदार कोपरा त्यांना दिसतोय असं वाटलं, जिथे ती बसमधून आल्यापासून जाऊन बसली होती, त्या दोघांच्या मधे, एकदाची. "मला वाटलं..." ती म्हणाली. बाबा भिंतीला धरून उठले. "चपला आण माझ्या. तिला उठव. आईला फोन कर, म्हणावं शटर ओढ आणि थेट दवाखान्यात ये."

डॉक्टरबाईंना बाबांनी स्वतः सांगितलं, उभं राहून. त्या बसा म्हणत होत्या आणि ते बसत नव्हते. बाईंनी गोळ्यांचं पाकीट मागितलं, वाचलं, फोनवर कोणाशी तरी बोलल्या, पुन्हा वाचलं. "याने झालं का?" आईने विचारलं. तिच्या केसांत दुकानातल्या चौकटींच्या लाकडाचा भुसा होता. "सांगता येत नाही. याने असेल, नसेलही. ही आम्ही बंद करू, बदलून देऊ, आणि लक्ष ठेवू. बघू लिव्हर काय म्हणतं." बाबांना त्यांनी कडक शब्दांत सुनावलं, अर्ध्या गोळीने तुमच्या डोक्यातली नस फुटली असती, मग पोरीने कापून दिलेलं सगळं वाया. बाबा मान खाली घालून हो हो म्हणत होते. ताईला दाखल केलं. सुई टोचताना तिने धाकटीला जवळ बोलावलं, आणि धाकटी वाकली, कारण तिला वाटलं ताई चिडेल, शिव्या देईल, आणि त्या तिला हव्या होत्या. ताई चिडली नाही. तिने छताकडे बघत इतकंच म्हटलं, "आता ते जेवणार नाहीत. आता तू बघ." आणि डोळे मिटून घेतले. तिने धाकटीचा हात धरला नाही आणि दूरही सारला नाही. तो चादरीवर जिथे होता तिथे राहिला.

आई ताईजवळ थांबली. धाकटी बाबांना घेऊन घरी आली, त्यांना नवी गोळी दिली, अख्खी, आपल्यासमोर. मग सूप गरम केलं, पाव भाजला, ताट समोर ठेवलं. बाबा ताटाकडे बघत बसले. "बाबा, जेवा." तिने पाव उचलला, वाटलं आपण अर्धा करावा, अर्धा त्यांना, अर्धा आपल्याला, आणि हात तसाच थांबला, कारण ही जागा तिची नव्हती आणि हे तिलाही माहीत होतं, बाबांनाही. तिने पाव होता तसा खाली ठेवला. एक चमचा सूप घेतलं, फुंकलं, त्यांच्या तोंडापुढे धरलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, खूप वेळ, राग नव्हता त्यात आता, काहीच नव्हतं, रिकाम्या चौकटीतून पलीकडे बघावं तसं. मग तोंड उघडलं. सूप आत गेलं आणि त्यांनी ते गालात धरून ठेवलं, लहान मूल औषध धरून ठेवतं तसं. गाल फुगलेला, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि घशाची घाटी जागची हलत नव्हती. तिला इतकी वाक्यं येत होती. या घरात सगळ्यात जास्त वाक्यं तिलाच येत होती.

"गिळा," ती म्हणाली, आणि दुसरा चमचा भरून धरून ठेवला.